पंगत मोडली ते बरं झालं

डोळे पाहणं हा माझा धंदा आहे. नागपुरात बर्डीवर चष्म्याचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक काउंटरपाशी बसायच्या आधीच मला कळतं, हा वाचताना मान कुठे वळवत असेल. पण घरच्या कुत्र्यांचे डोळे दोन महिने काय सांगत होते, ते काही मला दिसलं नाही. त्याची खूण उजव्या अंगठ्याच्या खाली आहे, दोन दातांची.

बंड्या आमचा लॅब्रॅडॉर. वय आठ, वजन छत्तीस किलो, स्वभावाने गोगलगाय. तर्री देशी, आता तीन वर्षांची. तर्री-पोह्याच्या ठेल्याखाली पावसात कुडकुडत बसली होती आणि रंगही तसाच लालसर, म्हणून पोरीने तेच नाव ठेवलं. पहिल्याच रात्री बंड्याने तिला आपल्या गोणपाटावर झोपू दिलं आणि आम्ही सगळे विरघळलो. पुढे ती वाढली, आणि माझ्या डोक्यात पंगतीचं खूळ शिरलं. फ्रीज आणि भिंतीच्या मधल्या बोळात दोघांच्या थाळ्या शेजारी शेजारी, रात्री साडेआठच्या ठोक्याला. सोबत जेवतील तर जीव लागेल, असा आपला हिशेब. (आम्ही माणसं मात्र चौघं चार वेळेला जेवतो, ती गोष्ट वेगळी.)

बंड्या चाळीस सेकंदांत थाळी साफ करायचा. तर्री भातातला चिकनचा एकेक धागा वेचून खायची, दहा-बारा मिनिटं. मधेच गुरगुरायची. मी ओरडायचो, "ए, चूप!" दोनदा पेपरची गुंडाळी करून फरशीवर आपटलीसुद्धा. आई म्हणायची, "रस्त्यावरची हाये ना, उपाशी राहिली हाये लहानपणी. हावरटपणा इतक्यात जात असते का?" मलाही ते पटायचं. गुन्हेगार ठरलेला होता.

महिन्याभरात तिचं गुरगुरणं बंद झालं. दुकानात मी पोरांना सांगितलं, सुधरली बरं का आमची तर्री.

मग मे महिन्यातली ती संध्याकाळ. पारा पंचेचाळीसच्या पुढे, लाइट गेलेली, कूलर बंद. आई मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटून राहिली होती आणि नेहमीसारखी दोघांकडे पोळीचे तुकडे भिरकावत होती. एक तुकडा बरोबर मधे, उंबऱ्यावर पडला. गुरगुर नाही, भुंकणं नाही. पुढच्या क्षणी तर्री बंड्याच्या कानाला लोंबकळत होती. मी वेड्यासारखा मधे हात घातला. चावलं कोण, ते आजतागायत ठरलेलं नाही. बायको म्हणते बंड्या, पोरगी म्हणते बाबाच चुकले.

नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला, घड्याळ लावून. हळद-बिळद काही लावली नाही. दोन्ही कुत्र्यांची रेबीजची लस वेळच्या वेळी झालेली, तरी डॉक्टर म्हणाले, घेऊन टाका. रक्त आलं होतं म्हणून जखमेच्या कडेने सीरम टोचलं. ते प्रकरण काय दुखतं ते मी इथे लिहीत नाही. मग दंडात पाच इंजेक्शनं: पहिल्या दिवशी, नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या.

हाताला बँडेज दिसलं की लोकांना सल्ले सुचतात. प्रतापनगरात सकाळी फिरणारे एक काका म्हणाले, मोठ्याला आधी वाढा, तो बॉस आहे हे तिला कळू द्या. एक ट्रेनर घरी आला. त्याने पाचशे रुपये घेतले आणि तर्रीला उताणी पाडून दाबून धरायला शिकवलं. तिने जागच्या जागी लघवी केली. बायकोने त्याला चहा दिला आणि परत बोलावू नका म्हणून मला सांगितलं.

हे बॉस प्रकरण नंतर मी जरा वाचून पाहिलं. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात कोंडले, ते भांडले, आणि त्यावरून 'कळपाचा म्होरक्या' हा सिद्धांत गावभर झाला. डेव्हिड मीच नावाचे अमेरिकी अभ्यासक, ज्यांच्या लिखाणाने ही कल्पना पसरायला हातभार लागला, त्यांनीच १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे साधं कुटुंब. इतकं झाल्यावर त्या काकांना काय सांगणार? मी दुसऱ्या गल्लीने फिरायला जायला लागलो.

खरी गोष्ट जनावरांच्या डॉक्टरांकडे कळली. त्यांनी आधी दोघांची तोंडं उघडून दात पाहिले, पोटं चाचपली, जंतांच्या गोळ्यांची तारीख विचारली. दुखरा दात असला तरी कुत्रं थाळीपाशी चिडतं म्हणे. दात ठीक होते. मग म्हणाले, "जेवतानाचा एखादा व्हिडिओ आहे का?"

व्हिडिओ? पोरीच्या मोबाइलमध्ये ढिगाने होते, रील बनवायला काढलेले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी ते हळू गतीने लावून पाहिले. बंड्या थाळी चाटून होतो, वळतो आणि तर्रीपासून तीन फुटांवर येऊन उभा राहतो. बस. नुसता उभा. तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, नजर तिच्या थाळीवर. तर्रीचं चावणं थांबतं. मान थाळीतच, अंग लाकडासारखं, आणि डोळा फक्त कोपऱ्यातून त्याच्याकडे वळलेला. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्याची चंद्रकोर दिसते. मग ती भराभरा गिळायला लागते. मग गुरगुरते. मग माझा आवाज येतो: "ए, चूप!"

ते चूप मी सहा वेळा ऐकलं. ती बिचारी सांगत होती, भाऊ, जरा मागे सरक. मी तिची भाषा बंद केली, भीती तशीच ठेवली. मग ती न सांगता चावली, तर नवल काय? डॉक्टरांचं पहिलं वाक्य हेच होतं की गुरगुरण्याबद्दल कधी रागवायचं नाही, ती घंटा आहे. दुसरं त्याहून सोपं: मधे दार लावा.

आता तर्री मागच्या गॅलरीत जेवते आणि बंड्या बेडरूममध्ये. आधी दार लावायचं, मग थाळी ठेवायची. उन्हाळ्यात सकाळी साडेपाच आणि रात्री नऊ, कारण भर उन्हात दोघांनाही जेवण जात नाही आणि सगळ्यांचंच डोकं तापलेलं असतं. पंधरा मिनिटांनी थाळ्या उचलायच्या, उरलेलं असो नसो. दार उघडायच्या आधी फरशी पुसायची. भाताची चार शितंही भांडणाला पुरतात. बंड्याला आता इडलीपात्रात वाढतो. एकेका खळग्यातून जिभेने उकरता उकरता त्याला सहा-सात मिनिटं लागतात, आणि आमच्याकडे तसंही इडली वर्षातून दोनदाच होते. चघळायची हाडकं वगैरेही दाराआडच. रविवारच्या सावजी रश्श्याचं बोट कुणालाच नाही, त्यातला कांदा-लसूण कुत्र्यांच्या रक्ताला बाधतो आणि शिजलेलं हाड पोटात टोचतं. पुन्हा कधी जुंपलीच तर हात घालायचा नाही. परात आणि लाटणं बडवायचं, नाहीतर कूलरच्या टाकीतली बादली ओतायची. एकदाच लागली. बादली.

सगळ्यात अवघड गेलं ते आईला समजावणं. "मी काय पोळीही नाही देऊ का त्याइले?" दोन दिवस अबोला. मग पोरीने तोड काढली. आजी आता भिरकावत नाही. स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराआड दोघं दोन टोकांना बसतात. ती नाव घेते, "बंड्या," आणि तुकडा त्याच्या तोंडात देते. "तर्री," आणि तुकडा तिच्या तोंडात. ज्याचं नाव, त्याचाच घास. दुसऱ्याचं नाव घेतलं की आपली पाळी पुढेच आहे, हे दोघांना कळायला दीड महिना गेला. श्रेय सगळं आईचं, असं ती शेजाऱ्यांना सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक टीव्हीवर पाहताना आईने हात जोडले, "आमच्या घरची भांडणं घेऊन जा गे मारबत." त्याच संध्याकाळी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन गल्लीतली पोट्टी आली, एकाच्या हातातून बर्फी पडली, आणि दोघंही तिच्याकडे पाहत गोठले. पोरीने बिस्किटांचा डबा खडखडवला. तर्री गॅलरीकडे पळाली, बंड्या बेडरूमकडे. बर्फी त्या पोराने स्वतःच उचलून खाल्ली.

लोक विचारतात, मग परत सोबत कधी जेवणार? कधीच नाही, कशाला? जेवण झालं की दारं उघडतो आणि दोघं त्याच जुन्या गोणपाटावर पाठीला पाठ लावून झोपतात.

फक्त एक अडचण उरली आहे. आईला वाटतं, तर्री गॅलरीत एकटीच जेवते, तिला करमत नसेल. म्हणून ती स्टूल घेऊन तिच्याजवळ बसायला लागली. तर्रीचा डोळा पुन्हा कोपऱ्यात. आई ऐकेना. शेवटी तह झाला: आईने बसावं, पण गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, पाठ करून. आता रोज रात्री नऊ वाजता ती तिकडे तोंड करून उद्याची भाजी निवडते, आणि दर दोन मिनिटांनी मागे न पाहता विचारते, "जेवून राहिली ना ते?"