जागल आणि शिकणारी चिप

यवतमाळ जिल्ह्याच्या आमच्या कापूस-तुरीच्या पट्ट्यात तूर शेंगावर आली की वावरात जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप शिरला तर एका रात्रीत उभे पीक लोळवून जातो, म्हणून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, मचाणावर घरातल्या कोणाला तरी रात्र काढावीच लागते. दहावीत असताना मी काकांसोबत पहिल्यांदा जागलीला गेलो आणि त्या रात्री मला क्षणभरही झोप लागली नाही. वाऱ्याने पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडाचे, वाळलेले पान हलले तरी मी उठून बसत होतो आणि टॉर्च मारत होतो. काका मात्र घोंगडी ओढून स्वस्थ झोपले होते. पहाटे, मला काहीही ऐकू आलेले नसताना, ते एकदम उठले, त्यांनी डबा बडवला आणि आरोळी दिली. तुरीच्या दाट ओळींमधून काहीतरी धडधडत पळाले. पंधरा-वीस दिवसांनी मलाही मचाणावर झोप लागू लागली आणि नेमक्या वेळी जागही येऊ लागली. ते मला कोणी शिकवले नव्हते.

गावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागल्यापासून, मेंदूच्या धर्तीवर बनवलेल्या चिपविषयी जे हाती लागेल ते मी वाचत आलो आहे, आणि ते वाचताना ती जागल मला वारंवार आठवते.

आपल्या नेहमीच्या संगणकात माहिती साठवणारी मेमरी एकीकडे आणि हिशेब करणारा प्रोसेसर दुसरीकडे असतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये ज्या रचनेचे वर्णन केले, तीच रचना थोड्याफार फरकाने आजही चालू आहे. कोठार गावात आणि वावर दोन कोसांवर असावे, आणि प्रत्येक मूठभर बियाण्यासाठी बंडी जुंपून गावात यावे लागावे, तसा हा प्रकार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामात ही ने-आण इतकी वाढते की, प्रत्यक्ष बेरीज-गुणाकारापेक्षा जास्त वीज अनेकदा या वाहतुकीतच खर्च होते. मेंदूत असे वेगळे कोठार नाही. दोन चेतापेशींमधला सांधा, ज्याला चेतासंधी म्हणतात, तोच आठवण धरून ठेवतो आणि येणारा संदेश किती जोराने पुढे जाऊ द्यायचा हेही तोच ठरवतो. शिवाय चेतापेशी सतत बोलत नाही. तिच्याकडे येणारे संदेश साठत जातात, एक मर्यादा ओलांडली की ती एक क्षणिक स्पंद पुढे पाठवते आणि पुन्हा गप्प होते. सुमारे ८६ अब्ज चेतापेशींचा माणसाचा मेंदू अंदाजे २० वॅटवर, म्हणजे घरातल्या दोन एलईडी बल्बांएवढ्या विजेवर चालतो, यामागे हे गप्प राहणे हे एक मोठे कारण आहे.

ही गोष्ट सिलिकॉनमध्ये उतरवता येईल असे कॅलिफोर्नियातील कॅल्टेक या संस्थेचे कार्व्हर मीड यांनी १९८० च्या दशकात मांडले. अतिशय कमी विद्युतदाबावर ट्रान्झिस्टरमधून जो अत्यल्प प्रवाह वाहतो, त्याचे गणित चेतापेशीच्या पडद्यातून वाहणाऱ्या प्रवाहाच्या गणितासारखेच आहे, हे त्यांच्या लक्षात आले, आणि अशा यंत्रणांना त्यांनी न्यूरोमॉर्फिक हे नाव दिले. त्यांच्या विद्यार्थिनी मिशा महोवाल्ड यांनी त्यांच्यासोबत सिलिकॉनचे दृष्टिपटल, म्हणजे डोळ्यातला उजेड टिपणारा पडदा, तयार केले. पुढे याच वाटेने असे कॅमेरे निघाले, की ज्यांचा प्रत्येक बिंदू त्याच्यावर पडणारा उजेड बदलला तरच कळवतो आणि एरवी शांत राहतो. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण मेंदूची नक्कल म्हणजे त्याचा नकाशा गिरवणे नसून त्याची काटकसर समजून घेणे आहे, हे त्या दोघांनी प्रथम ओळखले.

आयबीएमने २०१४ मध्ये ट्रूनॉर्थ ही चिप जगापुढे ठेवली. तिच्यात ४,०९६ गाभे (स्वतंत्रपणे काम करणारे छोटे भाग), १० लाख कृत्रिम चेतापेशी आणि २५.६ कोटी चेतासंधी होत्या, आणि काम करताना ती सुमारे ७० मिलिवॅट वीज घेत होती. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहितो तेव्हा मुले चकित होतात. परंतु त्यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ही चिप स्वतः शिकत नव्हती. तिला जे ओळखायचे ते दुसऱ्या संगणकावर आधीच शिकवून, चेतासंधींच्या बळाचे तयार झालेले आकडे तिच्यात भरले जात. इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या लोइही या चिपमध्ये चेतापेशी कमी, सुमारे १ लाख ३० हजार होत्या, पण तिच्या चेतासंधींचे बळ काम चालू असतानाच, चिपवरच्या नियमांनुसार बदलू शकत होते.

या नियमांपैकी सर्वांत परिचित नियम मूळचा जीवशास्त्रातला आहे. एखादी चेतापेशी दुसरीचा स्पंद उमटवण्यात वारंवार भाग घेत असेल तर त्यांच्यातला दुवा बळकट होतो, असा विचार मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला होता. गुओ-छियांग बी आणि मू-मिंग पू या मेंदू-संशोधकांनी १९९८ मध्ये उंदरांच्या मेंदूतील पेशींवर प्रयोग करून त्यातला क्रम दाखवून दिला. पहिल्या पेशीचा स्पंद दुसरीच्या स्पंदापूर्वी सुमारे २० मिलिसेकंदांच्या आत आला तर दुवा घट्ट होतो, आणि नंतर आला तर सैल पडतो. मचाणावर माझे जे झाले ते मला याच प्रकारचे वाटते. कुत्रा दबक्या आवाजात गुरगुरायचा, आणि त्यानंतर तुरीच्या काड्या मोडल्याचा आवाज यायचा. कोल्हेकुई मात्र रात्रभर होत असे आणि तिच्यामागून काहीच घडत नसे. आधी काय आले आणि नंतर काय घडले, याची नोंद रात्रीमागून रात्री होत गेली. मेंदूतला क्रम मिलिसेकंदांचा आणि जागलीवरचा क्रम मिनिटाचा, हा फरक मोठा आहे आणि तो सांधणारी मधली यंत्रणा पुष्कळ गुंतागुंतीची आहे. तरीही कोणताही दूरचा गुरुजी नसताना, शेजारच्या दोन पेशींना जेवढे कळते तेवढ्यावरच शिकणे घडते, हा त्यातला गाभा आहे.

शिकलेले असणे आणि शिकत राहणे यांतला हा फरक माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही. यंदा आमच्या पऱ्हाटीची पाने कडेने लाल पडू लागली, तेव्हा मी मोबाइलवर फोटो काढून पिकांचे रोग ओळखणाऱ्या एका ॲपला दाखवला. धुऱ्यावर नेटवर्क येईना, म्हणून रस्त्यापर्यंत चालत जावे लागले. उत्तर आले, लाल्या. काकांनी पान उलटे करून उन्हात धरले आणि म्हणाले, "हा लाल्या नोय बाबू, तुडतुडे हायेत हे." पाने खालच्या बाजूला वाटीसारखी वळलेली होती आणि उलट्या अंगावर तिरके चालणारे हिरवे किडे होते. काकांचेच खरे होते. माझ्या मनाला लागले ते हे, की ही दुरुस्ती त्या ॲपला सांगण्याचा कोणताही मार्ग नव्हता. त्याचे शिक्षण दूरच्या कुठल्याशा यंत्रावर कधीच पुरे झालेले होते. आमच्या वावरातून त्याला एक अक्षरही शिकता येणार नव्हते. नेटवर्क आणि वीज या दोन्हींची जिथे टंचाई आहे, तिथे जागेवरच, थोड्या विजेत, चुकीतून शिकणारी चिप शहरापेक्षा अधिक गरजेची आहे, असे माझे ठाम मत आहे.

ती अजून हाती आलेली नाही. इंटेलने २०२४ मध्ये उभी केलेली हाला पॉइंट ही यंत्रणा लोइहीच्या दुसऱ्या पिढीच्या १,१५२ चिप जोडून बनवली आहे. तिच्यात १.१५ अब्ज कृत्रिम चेतापेशी आहेत आणि ती जास्तीत जास्त २,६०० वॅट वीज घेते, म्हणजे आमच्या विहिरीवरची तीन एचपीची मोटार घेते साधारण तेवढी. तिच्या सुमारे पंचाहत्तर पट पेशी असलेला मेंदू तिच्या एकशेतिसाव्या हिश्शाएवढ्या विजेवर चालतो, आणि खरी चेतापेशी त्या कृत्रिम पेशीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची असते. आपल्या देशातही या दिशेने मोलाचे काम होत आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात, रेणूंच्या एका पातळ थरात विद्युतवहनाच्या सुमारे १६,५०० वेगवेगळ्या पातळ्या धरून ठेवता येतात, हे दाखवले. साधा स्विच शून्य आणि एक या दोनच स्थिती धरतो, हे लक्षात घेतले म्हणजे एकेका चेतासंधीची बारीक चढउतार पदार्थातच साठवण्याच्या दृष्टीने हे किती पुढचे पाऊल आहे ते कळते.

अडचण केवळ पदार्थाची नाही. कृत्रिम चेतापेशींच्या जाळ्याला नवे शिकवू लागले की ते जुने पुसून टाकते, हा दोष १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून नोंदलेला आहे. जागेवर शिकणाऱ्या चिपला तर तो अधिक भोवेल, कारण तिला रोज नवे दिसणार. काकांनी यंदा तुडतुडे ओळखले म्हणून ते लाल्या ओळखायला विसरले नाहीत, आणि वीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेली कीडही ते वर्षासकट सांगतात. बहुतेक सर्व आठवणी जपून थोड्याच दुव्यांना हात लावायचा, हे मेंदू कसे साधतो, याचे पुरते उत्तर सापडल्याशिवाय चिपला ते शिकवता येणार नाही.

दिवाळीच्या सुटीपासून नववीची चार मुले आणि मी धुऱ्यावर मोबाइल ठेवून रात्रीचे आवाज टिपत आहोत. सकाळी काका ओसरीवर बसून प्रत्येक आवाज ऐकतात आणि मुले वहीत लिहून घेतात: रोही, डुक्कर, नुसता वारा. आतापर्यंत चाळीस नोंदी झाल्या आहेत, आणि त्यांतल्या सहा आवाजांबाबत काकांनी आणखी एक रात्र ऐकल्याशिवाय काही सांगायचे नाही असे ठरवले आहे.