जुन्या शेव्ही पिकअपला कमिन्स फोर बीटी: ॲव्हरेज कुठे मिळतं, कुठे सांडतं

१९७३ ते १९८७ या काळातल्या अमेरिकन शेव्हरोले सी-१० पिकअपमधलं ३५० घनइंची (५.७ लिटर) पेट्रोल व्ही-एट गॅलनला १२-१४ मैल देतं. आपल्या हिशोबात लिटरला पाच-सहा किलोमीटर. त्या जागी कमिन्सचं ३.९ लिटरचं चार सिलिंडर टर्बो डिझेल, म्हणजे फोर बीटी, बसवलं आणि बाकीची जुळणी जमली, तर तीच गाडी २० ते २५ मैलांवर जाते. गोम त्या जुळणीत आहे. लोक इंजिन शोधण्यात सहा महिने घालवतात आणि क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या डिफरन्शियलच्या दातांचा, रेशो काय आहे हे गाडी रस्त्यावर आल्यावर बघतात.

हे इंजिन आपल्याला परकं नाही. कमिन्स १९६२ पासून पुण्यात आहे, याच बी सिरीजचं सहा सिलिंडरचं ५.९ लिटरचं भावंड टाटाच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षं पळालं, आणि टाटा कमिन्सचा एक कारखाना फलटणला आहे. अमेरिकेत फोर बीटी मिळतं ते प्रामुख्याने ब्रेड आणि वेफर्स पोचवणाऱ्या डब्यासारख्या व्हॅनमधून. ताकद १०५ हॉर्सपॉवर, टॉर्क मिनिटाला १,६०० फेऱ्यांना २६५ पाउंड-फूट. फेऱ्यांना लगाम घालणारा गव्हर्नर मात्र २,५०० च्या आसपास दार लावून घेतो, आणि सगळं गणित इथूनच सुरू होतं.

ताशी मैल गुणिले ३३६ गुणिले डिफरन्शियलचा रेशो, भागिले टायरचा व्यास इंचात. टॉप गिअर वन-टू-वन असेल, म्हणजे बॉक्समध्ये वेग घटत-वाढत नसेल, तर या हिशोबाने इंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. २३५/७५ आर १५ टायर म्हणजे २८.९ इंच. मागे ३.७३ चा रेशो असेल तर ६५ मैलांच्या वेगाला (१०५ किलोमीटर) सुमारे २,८२० फेरे लागतात. फोर बीटी तेवढं फिरतच नाही. गाडी ५७-५८ मैलांवर अडकते आणि तिथेही पंप पूर्ण उघडा, म्हणजे ॲव्हरेज गेलं. त्याच गाडीला ०.७३ ओव्हरड्राइव्हचा (म्हणजे टॉपमध्ये इंजिनाचे फेरे ०.७३ पट करणारा) एनव्ही-४५०० हा पाच गिअरचा बॉक्स लावला की फेरे २,०६० वर येतात. मागे ३.०८ टाकला तर १,७००, म्हणजे टॉर्कच्या शिखराच्या अगदी जवळ. रिकामी गाडी आणि सपाट हायवे असेल तर ३.०८ घ्या. ट्रेलर ओढायचा असेल तर ३.७३ राहू द्या, नाहीतर प्रत्येक चढाला गिअर पाडावा लागेल.

व्हॅनमधून इंजिनाबरोबर येणारा टर्बो-४०० ऑटोमॅटिक बॉक्स मजबूत आहे, पण त्याला ओव्हरड्राइव्ह नाही आणि कन्व्हर्टरला लॉक-अपही नाही, म्हणजे तेलातून ताकद पोचवताना होणारी घसरण थांबत नाही. मायलेजसाठी इंजिन बदलून हा बॉक्स ठेवणं म्हणजे आडातून पाणी काढून भोकाच्या बादलीत ओतणं. तरीही घेताना जीएम (शेव्हरोलेची मूळ कंपनी जनरल मोटर्स) चासीच्या व्हॅनमधलंच इंजिन घ्या. त्याची इंजिन आणि बॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट जीएमच्या बेलहाउसिंगला (बॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाला) बसते, वेगळी घ्यायला गेलात तर खिशाला चांगलीच जाणवते. एनव्ही-४५०० मध्ये जीएल-४ दर्जाचंच सिंथेटिक तेल घाला. जीएल-५ मधली रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या) रिंगांना मानवत नाहीत.

इंजिन स्टँडवर आहे तोवर एक काम उरकून घ्या. टायमिंग गिअरचं हाउसिंग ब्लॉकवर जागेला बसावं म्हणून आत एक छोटी पोलादी डॉवेल पिन असते. ती नुसती ठोकून बसवलेली असते, तिला धरून ठेवणारं काही नाही. वर्षानुवर्षांच्या कंपनाने ती सरकत बाहेर येते आणि गिअरमध्ये पडते. नशीब बरं असेल तर हाउसिंग फुटून तेल गळतं, नसेल तर दात आणि कॅमशाफ्टही जातात. क्रँकच्या पुढच्या टोकाचा डॅम्पर आणि कव्हर काढा, पिन पुन्हा आत ठोका आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची जाड पट्टी अशी दाबा की तिचं टोक पिनच्या तोंडावर येईल. बोल्टला थ्रेडलॉकर लावा. क्रँकचं पुढचं सील तेव्हाच नवं टाका. टॅपेटची फट थंड इंजिनावर: इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२०. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

वजनाचंही बघा. फोर बीटी साधारण ३४०-३५० किलोचं, काढलेलं व्ही-एट २६० च्या आसपास. पुढच्या स्प्रिंगा जड क्षमतेच्या हव्यात. उंची तर जवळपास ३८ इंच. म्हणून ऑइल चेंबरचा खोल भाग पुढे आहे की मागे, हे इंजिन विकत घेण्याआधी चासीच्या आडव्या पट्टीशी (क्रॉसमेंबर) ताडून बघा. चेंबर बदलायचा तर सक्शन पाइपही बदलावा लागतो.

कंपन हा या इंजिनाचा स्वभाव. एवढे मोठे चार सिलिंडर आणि बॅलन्स शाफ्ट नाही. हौशी लोक कडक पॉलियुरेथेनचे माउंट लावतात. मग डॅशबोर्डचे स्क्रू सुटतात आणि रेडिएटरचे ब्रॅकेट तडकतात. मऊ, मोठ्या रबराचे माउंट लावा आणि सायलेन्सरच्या पाइपला लवचीक तुकडा जोडा.

डिझेलची लाइन बहुतेक ठिकाणी घाईत उरकली जाते. पेट्रोलची टाकी उतरवून आतून पूर्ण धुवा. पंप आणि नोझल दोन्हींची परतीची लाइन टाकीपर्यंत न्या. टाकीतून डिझेल खेचणाऱ्या लिफ्ट पंपाआधी पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच. नोझलना डिझेल पुरवणारा जुना बॉशचा व्हीई पंप कमी गंधकाच्या डिझेलवर गळू लागतो, कारण जुनी नायट्राइल सीलं आक्रसतात. व्हायटॉनची सीलं टाकली की प्रश्न मिटतो. सकाळी गाडी बराच वेळ सेल्फ मारायला लावत असेल तर आधी पंप खोलू नका. सक्शनच्या बाजूला कुठेतरी हवा शिरते आहे, रबरी होजच्या क्लिपा तपासा. हवा काढताना नोझलचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, डिझेल फवारलं की घट्ट.

वायरिंग जवळजवळ नाहीच. पंपाच्या शट-ऑफ सोलेनॉइडला (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेला) १२ व्होल्ट मिळाले की झालं. १९७५ नंतरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटरला जाणारी गुलाबी वायर त्याला चालते. सेल्फ मारतानाही तिच्यात करंट टिकतो का हे टेस्टलॅम्पने बघा. ग्लो प्लग शोधत बसू नका, या इंजिनाला ते नसतात. ब्रेक मात्र विसरू नका: डिझेलमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे जुना बूस्टर मेलाच. एकतर व्हॅक्यूम पंप लावा, नाहीतर पॉवर स्टिअरिंगच्या दाबावर चालणारा हायड्रोबूस्ट.

गाडी चालू लागली की हात शिवशिवतात आणि पंपाचा, डिझेल वाढवणारा, फ्युएल स्क्रू पिळला जातो. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. एक्झॉस्टला पायरोमीटर (धुराचं तापमान दाखवणारा मीटर) लावा आणि तापमान १,२५० अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवा.

पैशाचं सांगायचं तर, वर्षाला १२,००० मैल, जुनं ॲव्हरेज १३ आणि नवं २२ धरा. ९२३ गॅलनच्या जागी ५४५. पेट्रोल सव्वातीन डॉलर आणि डिझेल पावणेचार धरलं, तर वर्षाकाठी साधारण ९५५ डॉलर वाचतात. अदलाबदलीला ९,००० लागले तर वसुलीला नऊ-दहा वर्षं, आणि ६,००० मैलच फिरणाऱ्याला त्याच्या दुप्पट. फक्त इंधन वाचवायचं असेल तर व्ही-एट तसंच ठेवून ओव्हरड्राइव्ह आणि लॉक-अप असलेला ७००-आर-४ बॉक्स टाकणं शहाणपणाचं. ॲव्हरेज डिझेलइतकं वाढणार नाही, पण खर्च खूप कमी.

कागदांचं काम इंजिन विकत घेण्याआधी. अमेरिकेत बदललेली गाडी त्याच किंवा नंतरच्या मॉडेल वर्षाच्या प्रमाणित जोडणीशी जुळावी, असा केंद्रीय दंडक आहे आणि व्हॅनचं इंजिन हलक्या पिकअपमध्ये त्यात सहजी बसत नाही. कॅलिफोर्नियात अशी गाडी स्मॉग रेफरीकडे, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या सरकारी पंचाकडे, जाते. भारतात गाडीतल्या बदलांबद्दलचं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागू. आरटीओची परवानगी आधी, स्पॅनर नंतर.

शेवटी ॲव्हरेज मोजताना फसू नका. ३.७३ काढून ३.०८ टाकला आणि बॉक्समधला स्पीडोमीटरचा प्लास्टिक गिअर तोच ठेवला, तर मीटरवर १०० मैल दिसतात तेव्हा गाडी १२१ धावलेली असते. खरे २२ मैल देणारी गाडी मग कागदावर १८ च देते, आणि मालक पुन्हा पंप खोलायला बसतो.