एक ऑगस्टची भाषणं

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला जे चार शब्द सांगणार आहे, ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावेत, ही नम्र विनंती.’

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे वाक्य म्हणता येईल. आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळेत १ ऑगस्टला ते सकाळपासून दुपारपर्यंत घुमायचं. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी, म्हणून वर्षातली मोठी वक्तृत्व स्पर्धाही त्याच दिवशी. गॅदरिंगच्या नाच-गाण्यांची मजा वेगळीच होती. पण नुसत्या बोलण्याने माणूस समोरच्याला आपल्या बाजूला कसा वळवतो, ते मी या एक ऑगस्टला पाहिलं.

बाकावर टेबलक्लॉथ, त्यावर दोन तसबिरी, हार, उदबत्ती. परीक्षकांसमोर परीक्षेचं पॅड आणि एक पितळी घंटा. पाऊस आला की पत्र्यावर असा आवाज व्हायचा, की बोलणाऱ्याला थांबावंच लागायचं. त्या दिवशी शाळा भरलेली असायची, कारण ऊसतोडीला जाणारी घरं पावसाळ्यात गावातच असायची. दिवाळीच्या सुमारास ती कारखान्यांकडे निघाली की वर्ग अर्धे व्हायचे. पूर्ण शाळेने एकत्र बसून ऐकलेला वर्षातला मेळावा म्हणजे हाच.

तयारी जुलैपासून चाले. भाषण वहीत लिहून नेलं की मराठीच्या बाई त्यावर पेन्सिलीने तिरप्या रेघा मारायच्या. एक रेघ म्हणजे श्वास घ्यायचा. दोन रेघा म्हणजे थांबायचं आणि समोर बघायचं. ज्या वाक्याखाली नागमोडी रेघ, ते हळू आवाजात म्हणायचं. महत्त्वाचं वाक्य ओरडून सांगायचं असतं अशी आम्हा मुलांची समजूत, आणि बाई नेमक्या त्याच वाक्याखाली नागमोडी रेघ ओढायच्या. आवाज खाली आला की मागच्या रांगेतली पोरं ऐकायला पुढे सरकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शेंगांच्या टरफलांची गोष्ट त्या दिवशी निदान सात-आठ जण सांगायचे. कुणी कंटाळत नसे. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत’ असं म्हणून बोलणारा थांबला, की सतरंजीवरून अख्खी शाळा एका सुरात म्हणायची, ‘मी टरफलं उचलणार नाही!’ दोन छोटी वाक्यं, दोन्हींची सुरुवात ‘मी’ने, दोन्हींत नकार, आणि पहिल्यातून दुसरं आपसूक निघतं. लहानग्या टिळकांची बाजू कुणी पटवून द्यायची गरजच उरायची नाही, कारण निकाल आम्हीच मोठ्याने देऊन मोकळे झालेले असायचो. पुढे नववीत अनुप्रास, रूपक, दृष्टान्त, अतिशयोक्ती अशी अलंकारांची नावं व्याख्येसकट पाठ केली, तेव्हा त्यांतले बरेचसे आधीच कानावरून गेलेले होते.

थोड्या मोठ्या मुलांचा आवडता मुद्दा म्हणजे तारखांचा योग. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य गेले आणि त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णा भाऊ जन्मले. मग एक सूर्य मावळला आणि दुसरा उगवला, हे वाक्य ठरलेलं. वापरून गुळगुळीत झालं असलं, तरी दोन माणसांना एका दिवसाच्या दोन टोकांना उभं करून तोलण्याची ती रीत मला अजूनही आवडते.

एका वर्षी परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी मनोगतात ‘केसरी’तला १८९७ सालचा अग्रलेख घेतला होता. पुण्यात प्लेग, सोजिरांच्या घरझडत्या, मग प्लेग कमिशनर रँडचा खून आणि त्यानंतर सरकारने शहरावर धरलेला राग. अशा वेळी टिळकांनी मथळा दिला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ सरांनी तो फळ्यावर लिहिला, शेजारी ‘सरकारचे डोके ठिकाणावर नाही’ असंही लिहिलं आणि विचारलं, जास्त कुठलं लागतं? सगळी मुलं पहिल्याकडे बोट दाखवत होती. दुसरं वाक्य हा संपादकाचा आरोप झाला. पहिल्याचं उत्तर मात्र वाचणारा घरी बसून स्वतःच देतो, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा सोडत नाही. मन वळवण्याच्या सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी मला हेच दिसतं: अर्धं वाक्य बोलणाऱ्याचं, अर्धं ऐकणाऱ्याचं.

आणखी एका वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून एक वयस्कर गुरुजी आले होते. लहानपणी त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. बाबा उपदेश असा करतच नसत, नुसते सवाल टाकत, असं ते सांगत होते. कर्ज काढून सण करावा का? देवाला बकरं कापावं का? ‘नाही’ हा शब्द यायचा तो समोरच्या हजारो माणसांच्या तोंडून. गुरुजींनी आमच्यावरही तो प्रयोग केला आणि आम्ही पत्र्यावरच्या पावसापेक्षा मोठ्याने ‘नाही’ म्हणालो होतो.

पण माझ्या मनात सगळ्यांत खोल गेलेलं भाषण आमच्यातल्याच एका मुलीचं. आठवीतली, ऊसतोडीच्या घरातली. विषय अण्णा भाऊ. तिने अध्यक्ष महाशयांना हात जोडले आणि बाकीचं सगळं सोडून एकदम म्हणाली, ‘ज्यांच्या घरी कोयता आहे, त्यांनी हात वर करा.’ पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक हात वर आला, मग चार, मग रांगाच्या रांगा. ती तेवढा वेळ थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, ‘मुकादमाच्या वहीत माझ्या आईचं नाव नाही, बापाचंही नाही. तिथं लिहिलंय, एक कोयता.’

मुकादम म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि हिशेबात त्या जोडीला कोयताच म्हणतात, हे तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. हत्याराचं नाव माणसाला देण्याच्या या तऱ्हेला काव्यशास्त्रात लक्षणा म्हणतात. तिला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. रोज कानावर पडणारी गोष्ट तिने फक्त आमच्यासमोर अशी ठेवली, की ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी वाटली. मग ती अण्णा भाऊंकडे वळली. १९५८ साली मुंबईतल्या दलित साहित्य संमेलनात ते म्हणाले होते, की ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे. ते वाक्य म्हणताना तिने स्वतःचा तळहात उघडून दाखवला. हावभावांचे गुण त्यासाठी दिले असतील तर शंभर टक्के योग्य दिले. वेळ संपल्याची घंटा वाजवायला परीक्षक विसरले होते.

आता त्या भागातल्या शाळांमध्ये मीही कधीकधी परीक्षक म्हणून जाते. मुलं मोबाइलवरून तयार भाषणं उतरवून आणतात. चढउतार नेमके, हात नेमक्या वेळी वर, आणि चार जणांचं भाषण शब्दशः एकच. वाईट वाटतं, पण मुलांवर राग येत नाही. त्यांच्या वहीत तिरप्या रेघा मारायला कुणी बसलेलं नसतं. म्हणून आधी एक तास मागून घेते आणि बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचून दाखवते. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात शिरणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, एवढं सांगून ते विचारतात, हे विसंगतीचं जीवन किती काळ जगायचं? आणि लगेच तोच सवाल पुन्हा, किती काळ? तिथे मी पुस्तक मिटते आणि मुलांना बोलू देते. पहिली दोन मिनिटं जड जातात, मग हात वर यायला लागतात.

यंदा एका शाळेने माझं ऐकलं आहे. पाठ केलेल्या भाषणाबरोबर प्रत्येकाला दोन मिनिटं आयत्या वेळच्या विषयावर बोलायचंय. विषय मुलांनीच चिठ्ठ्यांवर लिहून दिलेत: पाण्याचा टँकर, एसटीचा पास, मुलींच्या शौचालयाची तुटलेली कडी, आईचे गुडघे. चिठ्ठ्या मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत, आणि पहिल्या रांगेत बसायला या, असं गावातल्या मुकादमांनाही निमंत्रण गेलं आहे.