बुडतंय कोण?

जेवणानंतर डोळे जड झालेले असताना बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान (येशूचं चरित्र) हाती घेऊ नये. चौथ्या अध्यायातलं ३८वं वचन झोप उडवतं. वादळ सुटलंय, लाटा होडीत शिरतायत आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. (ही उशी एकट्या मार्कालाच दिसते. हाच प्रसंग सांगणारे मत्तय आणि लूक झोप सांगतात, उशी नाही.) शिष्य त्याला उठवतात: गुरुजी, बुडतोय, काळजी कशी नाही?

पण बुडतंय कोण? आम्ही की आपण?

ग्रीकमध्ये इथे एकच क्रियापद आहे, ‘अपोल्लुमेथा’. त्यात आम्हीही मावतात आणि आपणही. हिंदी ‘हम’ म्हणून मोकळी होते, इंग्रजीच्या तर हे गावीही नसतं. मराठी आणि गुजराती मात्र दारात अडवून विचारतात: ऐकणारा धरून की सोडून? मूळ लेखकाला कुणी न विचारलेला हा प्रश्न मराठी भाषांतरकाराला पानोपानी सोडवावा लागतो, तोही कुणाला न सांगता.

‘आम्ही बुडतोय’ म्हटलं तर होडी एक, लाट एक, पण झोपलेला माणूस बुडणाऱ्यांत नाही. एकतर घाबरगुंडीत त्याला मोजायचं राहिलं, नाहीतर हा काही बुडायचा नाही अशी मनात खात्री आहे. खात्री असेल तर दोनच वचनं पुढे ‘अजून तुमचा विश्वास कसा नाही’ हे येशूचं बोलणं त्यांनी का खावं? ‘आपण बुडतोय’ म्हटलं की ते बोलणं नीट बसतं: त्यांनी त्यालाही बुडणाऱ्यांत धरलं होतं. माझं मत ‘आपण’ला.

मत देणं सोपं, वाक्य करणं अवघड. गुरूला आदराने बोलायचं म्हणजे पुन्हा ‘आपण’च. ‘आपण बुडतोय, याची आपल्याला काळजी नाही का?’ यातला पहिला ‘आपण’ सगळ्यांचा आणि दुसरा एकट्या गुरूचा, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. आमच्या भाषेत हा शब्द तीन घरी भांडी घासतो: आपण सगळे, आदराचे आपण, आणि ‘तो आपल्या घरी गेला’मधला ज्याचा त्याचा. मुंबईत चौथं घरही धरलंय, ‘आपल्याला नाय जमणार’, तिथे आपण म्हणजे मी. क्रियापद सोबत असलं की निभावतं, ‘आपण बुडतोय’ आणि ‘आपण बुडताय’ यांत घोटाळा नाही. ‘आपला’ आणि ‘आपल्याला’ आले की पंचाईत.

सूखार गावच्या विहिरीवर नेमकं हेच होतं. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी (यहूद्यांशी न पटणाऱ्या शेजारच्या समाजातली) बाई येशूला म्हणते, पाणी काढायला पोहरा नाही, विहीर तर खोल. आपला बाप याकोब, त्याच्यापेक्षा तुम्ही मोठे का? याकोब यहूद्यांचाही पूर्वज आणि शोमरोन्यांचाही. ती ‘आपला बाप’ म्हणत असेल तर तिने नातं जोडलं, ‘आमचा बाप’ म्हणत असेल तर वंशावळीवर हक्क सांगितला. नव्या सुनेच्या तोंडी ‘आमच्याकडे’ जाऊन ‘आपल्याकडे’ कधी येतं, याकडे सासूचे कान असतात; तसेच कान इथे लावावे लागतात. आधी नवव्या वचनात ‘तू यहूदी, मी शोमरोनी’ झालंय. पुढे विसाव्यात ‘आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही म्हणता यरुशलेम’. तिथे ‘आमच्या’ला पर्याय नाही. संशय फक्त बाराव्याचा. पण अकराव्यात तिला आदराने ‘आपल्याजवळ पोहरा नाही’ म्हणायला लावलं, की बाराव्यातला ‘आपला बाप’ हा ‘तुमचा बाप’ वाटायला लागतो, म्हणून भाषांतरकार मुकाट ‘आमचा’कडे वळतो. वळण व्याकरणाचं, आणि भरीला बाई तेवढी ताठ होऊन बसते. माझ्या मते तिने येशूला सरळ ‘तुम्ही’ म्हणावं आणि पुढे ‘आपला बाप याकोब, ज्याने ही विहीर आम्हाला दिली’. बाप दोघांचा, विहीर गावाची.

अगदी अशीच जोडी लूकच्या सातव्या अध्यायात आहे. कफर्णहूमच्या रोमी शताधिपतीसाठी यहूदी वडीलधारे रदबदली करतात: त्याचं राष्ट्रावर प्रेम आहे, सभास्थानही (यहूद्यांचं प्रार्थनास्थळ) त्यानेच बांधून दिलंय. राष्ट्र ‘आपलं’, कारण ऐकणारा येशूही यहूदी. सभास्थान मात्र ‘आम्हाला’ बांधून दिलेलं. दोन्हीकडे सरसकट ‘आमचं’ केलं तर येशू परका पाहुणा होतो.

बायबलमधली पत्रं वाचताना पेन्सिल हवी. प्रत्येक ‘आम्ही’पाशी बघायचं: शेजारी ‘तुम्ही’ उभा आहे का? असला तर ऐकणारे बाहेर. ‘सर्व’ किंवा ‘एकमेकांशी’ असेल तर आत. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, पाचव्या वचनापर्यंत ‘आम्ही पाहिलं, तुम्हाला सांगतो’ चालतं. सहाव्यापासून ‘आपण म्हणालो की’ सुरू होतं आणि साक्षीदार खाली उतरून बाकावर येऊन बसतो. मधेच चौथ्या वचनात गंमत आहे. काही हस्तलिखितांत ‘तुमचा आनंद’ आहे, काहींत ‘आमचा’. ग्रीकमध्ये ‘हेमोन’ (आमचा) आणि ‘ह्युमोन’ (तुमचा) यांचे उच्चार पुढे सारखेच झाले, तेव्हा नकलाकारांचा गोंधळ होणारच. ‘आपला आनंद’ लिहिलं की दोन्ही हस्तलिखितं खूश. आळशी शब्द कधीतरी असा कामाला येतो!

पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र अवघड. पाचव्या अध्यायात ‘आपण सर्वांनी न्यायासनासमोर उभं राहायचंय’ इथे सगळे आत, पण विसाव्या वचनात ‘आम्ही ख्रिस्ताचे वकील’ (म्हणजे राजदूत) म्हणताना समोर विनवण्यासाठी ‘तुम्ही’ आहेतच. तरी उपदेशात आपण सगळेच वकील होतो.

बंगालातल्या सेरामपूरहून १८११ साली मराठी नवा करार (बायबलचा येशूनंतरचा भाग) निघाला, तेव्हा इंग्रज मिशनरी विल्यम केरीच्या जोडीला वैजनाथ पंडित होते. ‘वी’ म्हणत वाढलेल्या माणसाला हा भेद शिकावा लागतो, पंडिताला तो न शिकता येतो. पंडिता रमाबाईंकडे घरची मराठी होती आणि हिब्रू-ग्रीकही त्या शिकल्या. त्यांचं संपूर्ण बायबल १९२४ साली केडगावला छापून झालं, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी.

प्रार्थनेत हा घोळच नाही. देवाशी बोलताना ‘आम्ही’च, ‘आपल्याला भाकर दे’ म्हटलं तर देवालाही पंगतीला बसवल्यासारखं होईल.

अम्माऊसच्या वाटेवर तर पंगतही होते. लूकचा शेवटचा अध्याय. दोघे चालतायत, क्लयपा आणि एक बिननावाचा, आणि तिसरा अनोळखी सोबत आलाय. संध्याकाळ होते, ते म्हणतात, आमच्याबरोबर राहा. तो भाकर मोडतो, ते ओळखतात, तो दिसेनासा होतो. मग दोघे एकमेकांना म्हणतात, तो वाटेत बोलत होता तेव्हा आपलं काळीज आतून पेटलं नव्हतं का?

इथे ‘आपलं’ बिनचूक आहे. खोलीत दोघंच उरलेत.