आवड नेमकी कोणती?

गिऱ्हाईक चिठ्ठी पुढं करतं, मी गोळ्या काढायला रॅककडं वळते आणि परत फिरते तोवर त्याची मान वाकडी झालेली असते. काउंटरवर पालथं पडलेल्या पुस्तकाचं नाव वाचायचं असतं ना. मग येतो तो प्रश्न. उमरग्यात मेडिकल टाकून मला अठरा वर्षं झाली. तापाच्या गोळीखालोखाल माझ्या काउंटरवर काही मागितलं जात असेल, तर ह्या प्रश्नाचं उत्तर. "मागं आलतो तवा तुमच्याकडं तुकारामाची गाथा होती. आज हे भुताचं? ताई, तुमची आवड नेमकी कोणती?"

काही जण 'नेमकी'वर जोर देतात, काही 'भुताचं'वर.

आजवर ज्याला जसं सुचेल तसं सांगून मी कटवलं. वेळ जात नाही म्हणून. (खोटं. मला वेळच पुरत नाही.) झोप येईस्तोवर डोळ्यांपुढं काहीतरी लागतं म्हणून. (अर्धं खरं.) मध्यंतरी वर्षभर सगळ्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातली, शाळेत घालायचो तशी. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावानं. आपलं नाव बघून कुणी निकाल देऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. मला वाटलं, नाव झाकलं की माझ्यामागची चौकशीही थांबेल. झालं उलटंच. "असं काय वाचता की झाकून ठेवावं लागतं?" म्हणत शेजारचा झेरॉक्सवाला कव्हर उचकून बघायला लागला. आत लोणच्यांचं पुस्तक निघालं तेव्हा बिचारा नाराज झाला.

एका कीर्तनकार बुवांना मात्र मी तयारीनं उत्तर दिलं होतं. ते शुगरच्या गोळ्यांना येतात. म्हटलं, बुवा, पैठणच्या नाथांना कुणी विचारलं का हो, आवड नेमकी कोणती म्हणून? ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करायची, भागवताच्या अकराव्या स्कंधावर अठरा हजारांहून जास्त ओव्या लिहायच्या, आणि त्याच हातानं विंचू चावल्याचं भारूड लिहायचं. बुवा हसले. पैसे मोजून दिले. पायरी उतरता उतरता म्हणाले, "ते नाथ होते, ताई."

ह्यावर माझ्याकडं आजही उत्तर नाही. पण विचारणारे तरी कुठं सोवळे आहेत? पहिला दिवाळी अंक १९०९ साली निघाला. तेव्हापासून एकाच बाडात भूतकथा, कविता, राजकारण आणि राशिभविष्य शेजारीशेजारी वाचायची आपल्याला सवय लागली आहे, आणि तो अंक हातात घेतलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. अंक चालतो, बाई चालत नाही.

असो. चिडचिड झाली. आता सांगते.

किल्लारीच्या भूकंपाचं मी पुन्हा सांगत बसत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६, आमच्या भागात हा आकडा पोरासोरांनाही पाठ. आमचं गाव पुढं नव्या जागी वसवलेल्या गावांतलं एक. घरातली दोन माणसं गेली. कोण, ते लिहीत नाही. जे मला हा प्रश्न विचारतात त्यातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. मी तेरा वर्षांची, आठवीत.

पत्र्याच्या शेडमधलं मला आधी आठवतात ते कपडे. ट्रकच्या ट्रक कपडे आले. अंगं कमी आणि कपडे जास्त, असं झालं. लग्नातले कोट, इंग्रजी शाळेचे टाय, बिनकाठाच्या झिरझिरीत साड्या, ज्या आमच्याकडच्या बायांनी उचलून परत ठेवल्या. त्या ढिगात चादरीच्या एका गाठोड्यात पुस्तकं निघाली. कुणाच्यातरी माळ्यावरची असणार. बारावीचं फिजिक्सचं गाईड, लोणची-मुरंब्यांचं एक पुस्तक, कव्हर गेलेला दिवाळी अंक, खिशात मावणारी गीता, आणि मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेली बाई असलेली एक रहस्यकथा. (अर्नाळकरांची का, असं लोक लगेच विचारतात. नाही. त्यांनी हजारावर लिहिल्या म्हणून सगळ्याच त्यांच्या होत नाहीत.) माझं दप्तर भिंतीखाली होतं. मी गाठोडं उचललं आणि पुस्तकं हाताला लागतील तशी वाचली. भारी कोणतं, हलकं कोणतं, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. मुरंब्यांचं मी चारदा वाचलं, कारण त्यात किलोकिलोनं साखर होती.

आजीची अडचण वेगळी होती. चातुर्मासात देवळात पांडवप्रताप लावला होता. चौसष्ट अध्याय. गणपती बुडवले त्या दिवसापर्यंत चाळीस ओलांडले होते. मग देऊळ राहिलं नाही, पोथी राहिली नाही, पोथी वाचणारेही राहिले नाहीत. आजी गेलेल्या माणसांविषयी चकार शब्द काढायची नाही. पत्र्याकडं बघत एवढंच म्हणायची, "पोथी अर्धी राहिली."

एका संध्याकाळी मी कंदिलापाशी रहस्यकथा घेऊन बसले होते.

"काय वाचलालीस?"

"गोष्ट हाय."

"मग मोठ्यानं वाच की."

पोथीला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक अर्थ सांगणारा. आजीला अक्षर येत नव्हतं, पण जन्मभर पोथी ऐकलेली. मी एक वाक्य वाचलं की ती हात वर करून मला थांबवायची आणि बसलेल्या बायांना अर्थ सांगायची. मी वाचायची, 'त्याने सिगारेटचे थोटूक रुमालात गुंडाळून खिशात टाकले.' आजी म्हणायची, "म्हंजी बगा, थोटूक फेकलं न्हाई. खूण हाय ती. ठिवून दिली." बाया माना हलवायच्या. तिसऱ्या दिवसापासून शेजारच्या शेडमधल्याही यायला लागल्या. मधूनच बारीक हादरा यायचा, पत्रा थरथरायचा, सगळे बाहेर पळायचे. परत येऊन टेकल्या टेकल्या आजी विचारायची, "कुठवर आलतो?"

त्यातल्या गुप्तहेराला तिनं पहिल्याच बैठकीत ओळखलं. त्याला सगळं आधीच कळतं, तो बोलत नाही, गालातल्या गालात हसतो. "किस्न हाय ह्यो," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता त्याचा निकाल लागला.

मग आठव्या की नवव्या प्रकरणात एक बाई मरते. चांगली बाई होती, सगळ्यांना चहा करून देणारी. जिवाला धोका आहे अशी चिठ्ठी तिनं हेराला पाठवलेली असते. तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. एवढं वाचून मी थांबले, आजी अर्थ सांगेल म्हणून. आजी गप्प. कंदिलाची काच काळी झाली होती, ती कुणी पुसली नाही.

मग तिनं बायांकडं न बघता मला विचारलं, "त्याला तर समदं ठाव हाय. मग मरू का दिलं तिला?"

मी म्हणाले, पुढं असेल.

"तू वाचलालीस ना. सांग."

कोपऱ्यातली एक बाई उठून बाहेर गेली. तिच्या मागून आणखी एक.

पुढं वाचू, कळेल, असं म्हणून मी वेळ मारून नेली. मला मात्र ठाऊक होतं की पुढं काही नाही. सगळी पोरं करतात तसं मी आधीच शेवट बघायला गेले होते आणि पुस्तकाला शेवट नव्हता. शेवटचा फर्मा गळालेला. आजीच्या पदरात दुसरी अर्धी पोथी टाकायची माझी छाती झाली नाही. आठवडाभर मी रात्री पडल्या पडल्या जुळवत राहिले. शेवटच्या संध्याकाळी उरलेलं शेवटचं पान डोळ्यांसमोर धरलं आणि त्यावर नसलेलं वाचायला लागले. पान उलटल्यासारखं करायला मागची पानं पुढं घेत होते. खुनी केला त्या बाईचा दीर, कारण आजीचा त्याच्यावर पहिल्यापासून डोळा होता. आणि हेराच्या तोंडी घातलं, 'मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी वेळेवर पोचलो असतो.'

आजीनं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"न्हवतं ठाव?"

"न्हवतं."

"मग किस्न न्हवं त्यो."

"न्हाई आजी. माणूस हाय."

मदतीत आलेल्या दूध पावडरीत साखर कालवून तिनं प्रसाद केला. समाप्तीला पोथीची पूजा लागते, म्हणून त्या पिस्तूलवाल्या बाईच्या कपाळाला बुक्का लावला. सगळ्या बाया पाया पडल्या. मीही पडले.

तर हे उत्तर, असं म्हणून मला इथं थांबता आलं असतं, आणि तुम्हालाही ते पटलं असतं. पण सगळं भूकंपावर ढकलणं फार सोयीचं आहे. माझा चुलतभाऊ त्याच शेडमध्ये होता, एकही बैठक त्यानं चुकवली नाही, आणि आज तो सातबारा सोडून काही वाचत नाही.

शिवाय मधली काही वर्षं मी स्वतःच तुमच्या बाजूला होते. डी.फार्मला लातूरला गेले, तिथं पुस्तकांवर बोलणाऱ्या मुलामुलींची ओळख झाली, आणि मी शेडमधलं सगळं गिळून टाकलं. काखेत समीक्षेची पुस्तकं घेऊन हिंडायची. त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण काखेत बरी दिसायची. तिथंच रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' हाती लागली. शिंप्याच्या घराची गोष्ट, आणि सांगते ती त्याची बायको, आमच्याकडच्या बोलीत. आजीचं बोलणं असं छापलेलं मी पहिल्यांदा बघितलं. रात्री पांघरूण तोंडावर घेऊन रडले. दुसऱ्या दिवशी चर्चेत काय बोलले? 'बोलीचा कलात्मक वापर.'

तेव्हा आजी होती. नव्या गावात घर मिळालं होतं; ती स्लॅबखाली झोपायची नाही, ओसरीवर झोपायची. ते पुस्तक तिला वाचून दाखवावं, असं मला एकदाही सुचलं नाही. सुट्टीत गेले की ती विचारायची, "आणलंस का एखादं खुनाचं?" मी म्हणायची, "तसलं मी वाचत न्हाई आता." २००१ साली ती गेली.

त्या काखेत पुस्तकं घेऊन हिंडणाऱ्या पोरीशी मी अजून भांडते. आणि ती गप्प बसत नाही. म्हणते, तू आता सगळं वाचतेस ते आवडीनं नव्हे, प्रायश्चित्त म्हणून. म्हणते, त्या रहस्यकथेचं मराठी भिकार होतं, हे तरी कबूल कर. कबूल. फार भिकार होतं. दर पानाला कुणीतरी 'गडगडाटी हास्य' करत होतं. भुताची दहा पुस्तकं घेतली तर सात मी अर्ध्यात टाकते, हेही कबूल. यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी पुस्तकं तर मला काउंटरच्या आत आणवत नाहीत, म्हणजे मलाही सोवळं आहेच. पण दोन महिने ग्रहताऱ्यांवरचं वाचावं, मग एकदम जनाबाईचे अभंग काढावेत, मग कुणाच्यातरी शिकारीच्या आठवणी, ह्यात मला जी मजा येते तिचं नाव प्रायश्चित्त कसं असेल? ती म्हणते, असतं. आम्ही तिथंच थांबतो.

२०१६ साली दुकानाच्या कामानं पुण्याला गेले होते. फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली, त्यात ती पिस्तूल रोखलेली बाई. चाळीस रुपये. घासाघीस न करता घेतलं, तिथंच उन्हात उभी राहून शेवटचा फर्मा वाचला. खुनी निघाला वकील, जो पहिल्या प्रकरणात एकदा येतो आणि परत दिसतच नाही. ही फसवणूक झाली. माझा दीर कितीतरी बरा होता, हे मी विनय बाजूला ठेवून सांगते.

मग शेवटून तिसऱ्या पानावर हेर सिगारेट पेटवतो, गालातल्या गालात हसतो आणि म्हणतो की आपल्याला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं.

म्हणजे आजीनं लावलेला अर्थ बरोबर होता.

ते पुस्तक दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असतं, एक्स्पायरीच्या परत पाठवायच्या पाकिटांखाली. काउंटरवर मी ते कधी ठेवलं नाही. बुवा परवा गोळ्यांना आले तेव्हा काउंटरवर विहिरी आणि बारवांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यांनी मान वाकडी करून नाव वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं. विचारलं काहीच नाही. पन्नासाचे सुटे तेवढे मागितले.