नडगीवरची कॉइल आणि तिची केबल : माझा अनुभव

आत सळई घालूनही माझ्या उजव्या नडगीचे मोडलेले हाड नऊ महिने उलटले तरी जुळून येईना, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया करण्याआधी स्पंदित विद्युतचुंबकीय क्षेत्राचा उपचार करून पाहू, असे अस्थिरोगतज्ज्ञांनी सुचवले. हा उपचार कालपरवाचा नाही. हाडावर दाब पडला की त्यात सूक्ष्म विद्युतभार निर्माण होतो, हे फुकाडा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी १९५७ मध्ये दाखवले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अँड्र्यू बॅसेट यांनी बाहेरून कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, बांधून न जुळणाऱ्या हाडांवर काम केले आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा हाडांसाठी या उपकरणाला मान्यता दिली. गुडघेदुखीपासून निद्रानाशापर्यंत सगळ्यांवर रामबाण म्हणून हल्ली जे पट्टे विकले जातात, त्यांची वकिली मी करणार नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून अशा उपकरणाच्या वाटेला जाऊ नये.

माझा विषय त्याहून साधा आहे, तो म्हणजे केबल. साखर कारखान्याच्या विद्युत विभागात उभी हयात गेल्यामुळे भाड्याने आणलेले उपकरण हातात पडताच माझे लक्ष तिच्याकडे गेले. कमरेला अडकवायची बॅटरीची छोटी डबी, नडगीवर वेल्क्रोने बांधायची कापडी गादीतली कॉइल आणि दोन्हींना जोडणारी तीन मिलिमीटर जाडीची केबल, एवढाच त्याचा पसारा. रोज काही तास ते अंगावर वागवायचे, आणि तेही कुबड्या घेऊन घरात वावरत. म्हणजे माणूस उठला, बसला, कुशीवर वळला की प्रत्येक वेळी केबल वाकणार, आणि नेमकी एकाच जागी वाकणार.

ती जागा कोणती, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये ओव्हरहेड क्रेनचे लोंबते पेंडंट, म्हणजे क्रेन चालवायची बटणांची पेटी, असे. त्याची केबल मधोमध तुटल्याचे मी कधी पाहिले नाही. ती तुटायची ती त्या पेटीत शिरते त्या तोंडाशी. मऊ वायर जिथे ताठ भागाला मिळते तिथे सगळा वाक गोळा होतो, आणि तांबे वारंवार एकाच ठिकाणी वाकले की आधी कडक होते व मग तुटते. सोल्डर केलेल्या जोडाजवळ हे अधिकच घडते, कारण वितळलेले सोल्डर वायरीच्या बारीक तारांत आत शोषले जाते आणि तेवढा तुकडा काडीसारखा ताठ होतो. कॉइलमधल्या, इनॅमलचे वीजरोधक आवरण चढवलेल्या तारेच्या वेढ्यांना मात्र गादीचा आधार असतो. ती गादी कोणी दुमडली नाही, तिच्यावर बसले नाही, तर कॉइल बहुधा केबलपेक्षा जास्त दिवस टिकते.

मिळालेल्या उपकरणाच्या केबलला डबीकडच्या टोकाला वाक सोसणारा रबरी बूट होता, पण कॉइलकडच्या टोकाला जवळजवळ काहीच नव्हते. शिवाय आधीच्या रुग्णांच्या वापराने ती जुनी झाली होती. काही आठवड्यांतच एका संध्याकाळी सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ते यंत्र पुन्हा ओरडतंय!” डबीवरचा तांबडा दिवा लुकलुकत होता. पाय सरळ केला की आवाज थांबे, गुडघा वाकवला की पुन्हा सुरू होई.

मल्टीमीटर घरात होताच. डबी बंद करून, प्लग काढून, कॉइलकडे जाणाऱ्या दोन पिनांवर मीटर लावला, तर रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, अगदी व्यवस्थित दिसत होता. इथे पुष्कळ लोक फसतात. बहुतारी वायरीतल्या बऱ्याचशा तारा तुटल्या आणि दोन-तीनच उरल्या, तरी तुटलेला तुकडा इतका आखूड असतो की एकूण रोध जवळपास तेवढाच राहतो आणि मीटर सगळे आलबेल असल्याचे सांगतो. म्हणून मीटर लावलेला ठेवूनच केबल टोकापासून बोटाबोटाने हलकेच वाकवत न्यावी लागते. डबीकडून निघालो तेव्हा आकडा स्थिर होता; गादीच्या शिवणीजवळ, केबल आत शिरते तिथे, वाकवताच तो एकदम उडाला, परत आला आणि पुन्हा उडाला. दोष सापडला. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आधी टोके एकमेकांना टेकवून पाहावा आणि आलेल्या आकड्यातून वजा करावा, कारण इतक्या कमी ओहमांत त्याने फरक पडतो. मापही उपकरण थंड असताना घ्यावे. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे तास दोन तास चाललेली कॉइल उगाचच बिघडलेली वाटू शकते.

रोधाचे मोजमाप सगळेच सांगत नाही. इनॅमल फुटून दोन-चार वेढे आपसांत चिकटले, तर रोध किंचितच घटतो, चुंबकीय क्षेत्र मात्र मंदावते. त्यासाठी पुरवठादाराने दिलेला लहानसा चाचणी-चुंबक उपयोगी पडतो. उपकरण चालू असताना तो बोटांच्या चिमटीत धरून कॉइलच्या मध्याशी नेला की स्पंदनांबरोबर थरथरतो. पहिल्या दिवशी ती थरथर कितपत जाणवते हे लक्षात ठेवले, म्हणजे पुढे तुलना करता येते.

शिवण उसवून जोड स्वतः नव्याने करण्याचा मोह झाला, नाही असे नाही. पण उपकरण वैद्यकीय होते, भाड्याचे होते आणि त्याची स्पंदने ठरावीक आकाराची असतात; माझ्या सोल्डरने ती बदलली तर ते कळायला माझ्याकडे स्पंदनांचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप नव्हता. पुरवठादाराला कळवले. उत्तर यायला वेळ लागला आणि ते दिवस उपचाराविना गेले, याचा राग आजही आहे. अखेर त्यांच्या तंत्रज्ञाने दुसरी कॉइल केबलसकट आणून दिली.

या दुसऱ्या केबलसाठी मी पेंडंटचीच युक्ती वापरली. पेंडंटचे वजन केबलवर येऊ नये म्हणून सोबत पोलादी तार असते. ती केबलपेक्षा थोडी आखूड ठेवतात, म्हणजे ओढ तिच्यावर येते. इथे पोलादाऐवजी सुती नाडा घेतला. त्याचे एक टोक वेल्क्रोच्या पट्ट्याला शिवले, दुसरे कमरपट्ट्याला बांधले आणि केबल त्याच्या बाजूने वीतभर सैल ठेवून कापडी पट्टीने जागोजागी धरली. गुडघ्यापाशी केबल सांध्याच्या मागून न नेता बाहेरच्या बाजूने रुंद वळणाने नेली. वाकाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहापट तरी असावी, हा आमच्या खात्यातला ठोकताळा. तीन मिलिमीटरच्या केबलला तीन सेंटिमीटर पुरतात. गादीच्या तोंडाशी केबलला मऊ सिलिकॉनच्या नळीचा चिरलेला तुकडा चढवला, त्यामुळे वाक एका बिंदूवर न येता बोटभर लांबीत पसरला. हे सगळे बाहेरून आणि काढता येण्यासारखे होते, त्यामुळे तंत्रज्ञाची हरकत नव्हती.

बाकीची काळजी किरकोळ, पण नेमाची. उपचार संपल्यावर केबल डबीभोवती करकचून गुंडाळायची नाही. ताटाएवढी सैल वेटोळी घालायची, एक वरून तर पुढची खालून, म्हणजे पीळ साचत नाही. कॉइल केबलला धरून खुंटीला टांगायची नाही. प्लग काढताना प्लगच धरायचा. चार्जिंगची खाच वेगळी असल्याने मी तर कॉइलचा प्लग सहसा काढतच नसे. वेल्क्रोत कापसाचे धागे अडकले की पकड जाते, पट्टा घसरतो आणि माणूस तो केबलला धरून वर ओढतो, म्हणून जुन्या टूथब्रशने वेल्क्रो साफ करायचे.

घाम आणि तेल हे दोन शत्रू वेगळे सांगायला हवेत. घामातले मीठ पिनांवर हिरवा गंज चढवते, म्हणून कॉइलखाली पातळ सुती कापड घेत असे आणि तेवढेच रोज धूत असे. मालिशचे तेल आणि वेदनाशामक मलम वायरीच्या आवरणाला मारक असते. आवरण आधी चिकट होते, पुढे चिरा पडतात. स्पिरिटने वारंवार पुसल्यासही पीव्हीसी कडक होत जाते. साबणाच्या पाण्यात पिळलेला फडका फिरवून सावलीत वाळवणे पुरते. आमच्याकडच्या पावसाळ्यात उपकरण झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवत असे.

दुसरी केबल उपचार संपेपर्यंत एकदाही ओरडली नाही. क्ष-किरण चित्रात हाड जुळून येताना दिसले, ते कॉइलने, काळाने की दोहोंनी, हे डॉक्टरांनीही छातीठोकपणे सांगितले नाही. कोणी असे उपकरण भाड्याने घेणार असेल, तर आधी दोन गोष्टी विचाराव्यात. केबल दोन्ही टोकांना सुटी होते का, आणि नुसती केबल वेगळी मिळते का. कॉइलला कायमची शिवलेली केबल असेल, तर पहिल्याच दिवशी जादा कॉइल मागून घ्यावी आणि भाड्याच्या पावतीवर तसे लिहून घ्यावे.