दुसऱ्या माणसाचा नियम

गेल्या वर्षी मे महिन्यातील एका शुक्रवारी, चार वाजायला पाच मिनिटे असताना, जर्मनीत, ड्रेस्डेनमधील आमच्या प्रयोगशाळेच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या (एचएफच्या) कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली खिशात टाकली. माझ्यासमोर सिलिकॉनच्या सहा चकत्या तयार होत्या. सकाळपासून मी त्या धूत होते. आधी अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गरम द्रावणात, मग हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइडच्या द्रावणात, आणि प्रत्येक धुण्यानंतर अतिशुद्ध पाण्यात. आता विरल एचएफमध्ये एक मिनिटाची बुडी तेवढी उरली होती. माझी सहकारी दुपारीच ताप येऊन घरी गेली होती, तंत्रज्ञांची फ्रायबर्गला जाणारी गाडी सुटण्याच्या बेतात होती, आणि आमचा नियम असा की दुसरा माणूस शेजारी उभा असल्याशिवाय एचएफला हात लावायचा नाही. 'दुसरी व्यक्ती नाही, तर एचएफ नाही,' एवढेच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण घासाघीस करायला जागाही नव्हती.

मला मात्र राग आला. चकतीवर हाफ्नियम ऑक्साइड या विद्युतरोधक पदार्थाचे थर चढवणारे यंत्र मला त्या संध्याकाळी मिळाले होते आणि त्यानंतरची माझी पाळी अकरा दिवसांनी होती. एका मिनिटाच्या कामासाठी अकरा दिवस थांबावे लागणे हे, ज्याने आपल्याकडे प्रयोग केले आहेत त्याला, सहन होण्यासारखे नाही.

ते एक मिनिट इतके महत्त्वाचे का, हे सांगायला हवे, कारण घरी फोनवर मी 'चिप'च्या क्षेत्रात आहे एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. सिलिकॉनच्या स्फटिकात आतील प्रत्येक अणूला चार शेजारी असतात आणि त्याचे चारही बंध गुंतलेले असतात. स्फटिक जिथे संपतो, तिथल्या अणूंना वरच्या बाजूला शेजारी उरत नाही, आणि त्यांचे बंध अर्धवट राहतात. आम्ही नेहमी वापरतो त्या प्रकारच्या चकतीवर एका चौरस सेंटिमीटरमध्ये असे सुमारे ६८० लाख कोटी अणू असतात. अर्धवट बंध म्हणजे इलेक्ट्रॉन अडकवणारा सापळा. १९४५ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतील संशोधनसंस्थेत विल्यम शॉकली यांनी बाहेरून विद्युतक्षेत्र लावून अर्धवाहकातील, म्हणजे सिलिकॉन-जर्मेनियमसारख्या पदार्थातील, प्रवाह कमीजास्त करण्याचा प्रयत्न केला. गणिताप्रमाणे तो साधायला हवा होता, पण परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. पुढच्या वर्षी जॉन बार्डीन यांनी त्याचे कारण ओळखले. पृष्ठभागावरच्या अवस्थांमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्राला तिथल्या तिथे निष्प्रभ करत होते, त्यामुळे आतील स्फटिकापर्यंत काही पोहोचतच नव्हते. त्या शोधाचा पाठपुरावा करताना डिसेंबर १९४७ मध्ये बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांच्या हाती ट्रान्झिस्टर आला, आणि तो जर्मेनियमचा होता.

जर्मेनियम मागे का पडले आणि सिलिकॉन पुढे का आले, याचे एक मोठे कारणही पृष्ठभागावरच आहे. जर्मेनियमवर हवेत तयार होणारा ऑक्साइड पाण्यात विरघळतो. सिलिकॉनचा ऑक्साइड टिकतो, चिवट असतो, आणि भट्टीत नीट वाढवला तर खालच्या स्फटिकाशी इतका घट्ट जुळतो की बहुतेक अर्धवट बंध मिटून जातात. १९६० च्या सुमारास बेल लॅब्जमध्येच मोहमद अटाला आणि दावन कांग यांनी हा ऑक्साइड वापरून शॉकलींना न साधलेले काम साधले. उरलेले बंध मिटवायला चकती सुमारे ४०० ते ४५० अंशांवर हायड्रोजनमिश्रित नायट्रोजनमध्ये तापवतात. उत्तम कारागिरी असेल तर शेवटी चौरस सेंटिमीटरमागे हजार कोटींच्या घरात सापळे राहतात, म्हणजे साधारण अडुसष्ट हजार अणूंमागे एक. दोन घन पदार्थांची गाठ इतकी निर्दोष बसलेली मला दुसरीकडे पाहायला मिळालेली नाही, आणि आठ वर्षे याच विषयात राहूनही तो आकडा लिहिताना आनंद होतो.

एचएफची बुडी या सगळ्याच्या आधी येते. ती जुना, वेडावाकडा ऑक्साइड विरघळवून टाकते आणि उघड्या पडलेल्या अणूंवर हायड्रोजनचे आवरण ठेवून जाते. इथे एक गंमतीची गोष्ट आहे. सिलिकॉन आणि फ्लुओरिन यांचा बंध हायड्रोजनच्या बंधापेक्षा कितीतरी बळकट असतो, म्हणून पृष्ठभागावर फ्लुओरिन राहत असणार असेच बरीच वर्षे मानले जात होते. १९९० मध्ये बेल लॅब्जच्या चौघांनी त्यामागची क्रिया उलगडली: फ्लुओरिन चिकटला की तो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्या अणूचे खालचे बंध कमकुवत होतात, एचएफचा पुढचा रेणू तिथेच घाव घालतो, आणि फ्लुओरिन लागलेला सिलिकॉनचा अणूच निघून जातो, मागे राहतो तो हायड्रोजन. त्या चौघांतील गणिती बाजू सांभाळणारे कृष्णन राघवाचारी मद्रासला शिकलेले. त्यांचा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ते नाव दोनदा वाचले होते, आणि इथे कोणी या क्रियेचा विषय काढला की मी ते आवर्जून सांगते.

बुडी नीट झाली हे ओळखायला कोणतेही उपकरण लागत नाही. चकती पाण्यातून वर काढली की ऑक्साइड असलेल्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ पडदा धरून राहतो. हायड्रोजनचे आवरण असेल तर पाणी अळूच्या पानावरून घरंगळावे तसे निघून जाते आणि चकती कोरडीच बाहेर येते. मग घाई असते, कारण हवेत हे आवरण फार काळ भरवशाचे राहत नाही, आणि आम्ही काही मिनिटांतच चकती यंत्रात ठेवतो.

हेच आम्ल माणसाच्या कातडीवर पडले तर काय होते, हेही सांगितले पाहिजे. ते तीव्र आम्लांसारखे नुसते वरवर भाजत नाही. त्याचा लहानसा रेणू कातडीतून आत शिरतो आणि फ्लुओराइड शरीरातील कॅल्शियमला धरून बसतो. द्रावण विरल असेल तर कित्येक तास दुखतही नाही. जास्त प्रमाणात आत गेले तर रक्तातील कॅल्शियम उतरून हृदयाची लय बिघडते. त्यावर तातडीचा उपाय म्हणजे भरपूर पाणी आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम, आणि हे दोन्ही करायला, फोन करायला, शुद्धीवर असलेला दुसरा माणूस लागतो. नियमाचा अर्थ इतका साधा आहे.

तो मला ठाऊक नव्हता असे नाही. पण महाराष्ट्रात पीएच.डी. करताना मी हीच बुडी रात्री दोन वाजता एकटीने दिलेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. रात्रीच का, तर दिवसा वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसे, आणि वीज गेली की निर्वात पंप थांबून आठवड्याची मेहनत वाया जाई. इथे हे सांगितले की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते मला आवडत नाही. आम्ही जिवावर उदार झालेलो नव्हतो. आम्ही जाड हातमोजे घालत होतो, आम्लाचे प्लास्टिकचे भांडे कधी काठोकाठ भरत नव्हतो, आणि व्हरांड्यात शिपाईमामा असायचे, ते तासातासाला डोकावून 'ताई, झालं का?' असे विचारायचे. एकटी म्हणायचे, पण तशी मी एकटी नव्हतेच. शिवाय त्या रात्रींच्या नमुन्यांवर मोजलेले सापळ्यांचे आकडे इथल्या कित्येक नमुन्यांच्या तोडीचे होते, आणि जुन्या पंपावर, उसन्या मीटरवर ते मिळवले याचा मला आजही अभिमान आहे. मलम मात्र आमच्याकडे नव्हते. मामांना त्या भांड्यात काय आहे हे कोणी सांगितले नव्हते, मीही नाही. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्या शुक्रवारी रात्री आईला फोन करून मी तक्रारीचा पाढा वाचला. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, 'म्हणजे तुला तिथं एकटीला काम करू देत नाहीत? बरं झालं बाई.' मी फोन लवकर ठेवला.

अकरा दिवसांनी माझी पाळी आली ती पुन्हा संध्याकाळचीच, आणि त्या दिवशीही दुसरे कोणी मोकळे नव्हते. तंत्रज्ञांनी वेळापत्रक पाहिले, बायकोला फोन करून गाडी सोडत असल्याचे कळवले, आणि एप्रन, हातमोजे, चेहऱ्यावरची ढाल असा पूर्ण जामानिमा चढवून माझ्या डाव्या हाताला दोन पावलांवर उभे राहिले. सहा चकत्या, प्रत्येकीची बुडी आणि धुणे, मिळून पाऊण तास. तेवढ्या वेळात ते एक शब्द बोलले नाहीत आणि त्यांची नजर माझ्या हातांवरून हलली नाही. मलमाची नळी झाकण सैल करून त्यांच्या पुढ्यात ठेवलेली होती. साठीच्या घरातील एक माणूस दिवसभराच्या कामानंतर काहीही न करता इतक्या एकाग्रतेने नुसता उभा राहतो, आणि तेच त्याचे काम असते, हे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. शेवटची चकती कोरडी वर आली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि नळीचे झाकण घट्ट केले.

पुढची गाडी येईपर्यंत आम्ही चहा घेतला. मी बार्डीनच्या जर्मेनियमचा विषय काढला, तर ते खुर्चीत सरसावून बसले, कारण जर्मेनियम त्यांच्या गावचे. १८८६ मध्ये फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत क्लेमेन्स विंकलर तिथल्याच हिमेल्सफ्युर्स्ट खाणीत सापडलेल्या एका नव्या खनिजाचे पृथक्करण करत होते आणि सगळे घटक मोजून झाले तरी सुमारे ७ टक्क्यांचा हिशेब लागत नव्हता. तो त्यांनी सोडून दिला नाही; चिकाटीने शोधत राहिल्यावर त्यात आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलेव्ह यांनी आधीच भाकीत केलेले मूलद्रव्य निघाले. ही गोष्ट ते घरातील वडीलधाऱ्यांची आठवण सांगावी तशी सांगत होते. मला ती पुस्तकातून माहीत होती, पण मी मध्ये बोलले नाही.

त्या सहा चकत्यांपैकी पाच चांगल्या निघाल्या. तंत्रज्ञ या मार्चमध्ये निवृत्त झाले, आणि शुक्रवारच्या संध्याकाळी दुसरा माणूस म्हणून माझे नाव फळ्यावर लागते. उद्या एका नवीन विद्यार्थ्याच्या आठ चकत्या आहेत, म्हणजे साधारण एक तास. महाराष्ट्र मंडळाचे स्नेहभोजन साडेसहाला सुरू होते. मला पोहोचायला आठ वाजतील असे मी कळवले आहे.